आधी शाफ्ट, मग लॉकर

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी अडकते तेव्हा बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो. पुढचं एक आणि मागचं एक, अशी तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं चिखलात गरगर फिरत राहतात आणि ज्या दोन चाकांखाली घट्ट जमीन आहे ती जागची हलत नाहीत. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असली, तरी साधा डिफरन्शियल एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना समान टॉर्क देतो. एक चाक घसरू लागलं की त्याला लागणारा टॉर्क नगण्य होतो आणि दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो. यावरचा इलाज म्हणजे डिफरन्शियल लॉकर. तो दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी जोडतो.

जुनी जीप, जिप्सी किंवा थार वापरणारे अनेक जण पहिली मोठी सुधारणा म्हणून लॉकरच निवडतात, आणि ती निवड योग्यही आहे. पण लॉकर एकटा येत नाही. त्याच्याबरोबर ॲक्सल शाफ्टवरचा भार बदलतो. म्हणून शाफ्ट आणि लॉकर हा एकच निर्णय समजावा. इथे प्रामुख्याने सलग हाउसिंगच्या मागच्या ॲक्सलचा विचार केला आहे.

शाफ्टवर नेमका किती भार येतो?

समजा इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, लो रेंजचं २.५ आणि क्राऊन-पिनियनचं ४ आहे. गुणाकार केला तर ॲक्सलपर्यंत १०,००० न्यूटन-मीटर पोचू शकतात. प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. चाकावर ६०० किलो वजन, घर्षणांक ०.८ आणि टायरची त्रिज्या ०.३८ मीटर धरली, तर सुमारे १,८०० न्यूटन-मीटरला चाक घसरेल.

आता मागचं एक चाक हवेत आहे आणि ॲक्सलचं सगळं १,२०० किलो वजन दुसऱ्या चाकावर आलं आहे असं समजा. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक फिरेल आणि दोन्ही शाफ्ट निर्धास्त राहतील. लॉकर लागलेला असेल तर जमिनीवरच्या चाकाचा एकच शाफ्ट सुमारे ३,६०० न्यूटन-मीटर सोसेल. चाक दोन दगडांमध्ये अडकलं आणि वर ॲक्सिलरेटर दाबला, तर टायर घसरण्याची सुटकाही उरत नाही. शिवाय टायर जितका मोठा, तितका हा आकडा वाढतो. साधा डिफरन्शियल एका अर्थाने शाफ्टचं रक्षणच करत असतो. लॉकर बसवताना ते रक्षण आपण काढून घेतो.

शाफ्ट निवडताना

पिळाला तोंड देण्याची गोल दांड्याची क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास १० टक्के वाढला तर ताकद सुमारे ३३ टक्के वाढते. म्हणून स्प्लाइनची संख्या आणि त्या भागाचा व्यास आधी पाहा. डाना ४४ जातीच्या ॲक्सलला बहुधा ३० स्प्लाइनचे शाफ्ट असतात, तर डाना ३५ ला २७. जास्त स्प्लाइनचा जाड शाफ्ट घ्यायचा असेल तर लॉकरही त्याच स्प्लाइनचा लागतो. म्हणून दोन्हींची ऑर्डर एकत्र द्यावी.

दुसरी बाब धातूची. कारखान्यातून येणारे शाफ्ट बहुतेक मध्यम कार्बन पोलादाचे असतात. बाजारातले दणकट शाफ्ट ४३४० मिश्रपोलादाचे, म्हणजे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले असतात. योग्य उष्णोपचार केलेला असा शाफ्ट जास्त पीळ सोसतो. स्थानिक लेथवर साध्या सळईतून करून घेतलेला शाफ्ट दिसायला हुबेहूब असला, तरी उष्णोपचाराशिवाय त्याचा भरवसा धरू नये.

तिसरी बाब रचनेची. सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगवरच्या हबवर असतं आणि शाफ्टकडे फक्त पीळ राहतो, त्यामुळे तुटलेला शाफ्ट चाक न काढता बाहेर घेता येतो. सेमी-फ्लोटिंगमध्येही दोन प्रकार आहेत. काही शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि पट्टीने धरलेले असतात, तर काही आतल्या टोकाला सी-क्लिपने. सी-क्लिपचा शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर सरकू शकतो, म्हणून अशा ॲक्सलवर मजबूत शाफ्ट हा सुरक्षेचाही भाग आहे.

खरेदीआधी डाव्या-उजव्या शाफ्टची लांबी वेगवेगळी मोजा, चाकाच्या बोल्टचं वर्तुळ पाहा आणि गाडीला एबीएस असेल तर सेन्सरची दातेरी रिंग नव्या शाफ्टवर बसते का, याची खात्री करा.

कोणता लॉकर?

आधी गाडीत काय आहे ते बघा. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे चालकाने लावायचे डिफरन्शियल लॉक कारखान्यातूनच येतात. जीप रँग्लर रुबिकॉनला दोन्हीकडे इलेक्ट्रिक लॉकर असतात. थारच्या काही आवृत्त्यांत मागे आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो. अशा गाडीत दुसरा लॉकर घेण्याआधी आहे त्याचा पूर्ण वापर शिकून घ्या.

बाहेरून बसवायचे लॉकर ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला, डिफरन्शियलचा मूळ केज (गिअर धरणारा सांगाडा) तसाच ठेवून फक्त आतले सन गिअर आणि स्टार गिअर बदलणारा. तो स्वस्त पडतो आणि क्राऊनला हात लावावा लागत नाही, पण केज मूळचाच राहिल्याने ताकदीला मर्यादा असते. दुसरा, पूर्ण केजसह येणारा स्वयंचलित लॉकर, उदाहरणार्थ डेट्रॉइट लॉकर. तो मजबूत असतो. मात्र वळणावर बाहेरचं चाक सुटताना आणि पुन्हा लागताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंगलाही फरक जाणवतो. तिसरा, बटणाने लावायचा हवेचा किंवा विजेचा लॉकर, जसा एआरबीचा एअर लॉकर. बंद असताना तो साध्या डिफरन्शियलसारखा वागतो.

घाटातल्या ओल्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीला माझी शिफारस बटणाच्या लॉकरची आहे. पुढच्या ॲक्सलला तर तोच बसवावा, कारण पुढचा डिफरन्शियल लॉक असताना गाडी वळायला तयार होत नाही. एकच लॉकर परवडत असेल तर तो मागे बसवा. चढावर वजन मागे जातं आणि पकडही तिथेच जास्त मिळते.

लॉकर मागवताना ॲक्सलचं नेमकं मॉडेल, स्प्लाइन आणि क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर द्यावं लागतं. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर गुणोत्तर ४.१० होतं. डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या गुणोत्तरांना एक केज लागतो, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरा. इथे चूक झाली तर क्राऊन पिनियनला नीट भिडतच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

जागा सपाट, कठीण आणि कोरडी हवी. गाडी जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. चासिसखाली दोन मजबूत घोड्या लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या द्या आणि गाडी हलवून स्थिर आहे का ते पाहा. टॉर्क रेंच, चुंबकी स्टँडचा डायल गेज, मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, प्रेस, दात्यांवर लावायचं मार्किंग कंपाउंड, नवे ऑइल सील आणि बेअरिंग, नवे क्राऊन बोल्ट, थ्रेडलॉकर आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल ही तयारी आधी करा. डायल गेज नसेल तर केज बदलण्याचं काम हाती घेऊ नका. हे काम मोजमापावर चालतं, नुसत्या अंदाजाने ते होत नाही.

झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी क्राऊनचा सध्याचा बॅकलॅश (पिनियनशी असलेली दात्यांची मोकळीक) मोजा, दात्यांवर कंपाउंड लावून ठसा घ्या आणि त्याचा फोटो काढा. जुनी क्राऊन-पिनियन पुन्हा वापरायची असेल, तर हा ठसाच पुढच्या कामाचा नमुना ठरतो. निचरा केलेलं तेल आणि चुंबकही तपासा. चुंबकावर करड्या रंगाची बारीक लापशी असणं स्वाभाविक आहे. कपचे किंवा तुकडे सापडले तर लॉकर बाजूला ठेवून आधी बिघाड शोधा.

जुनं उतरवताना

चाकं आणि ब्रेक काढा. कॅलिपर ब्रेकच्या होसवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. पट्टीचे नट सोडवून सरकत्या हातोड्याने शाफ्ट बाहेर घ्या. काही जुन्या जीपमध्ये हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने बसतो. तिथे योग्य पुलर लागतो, घणाचे घाव नकोत.

बेअरिंग कॅप सोडण्याआधी डाव्या-उजव्या कॅपवर आणि हाउसिंगवर पंचाने जुळत्या खुणा करा. कॅप आणि हाउसिंगचं भोक एकत्रच कापलेलं असतं, त्यामुळे कॅपची अदलाबदल झाली किंवा ती उलटी बसली तर बेअरिंग बिघडतं. केज घट्ट असतो. हाउसिंग ताणायचं साधन वापरत असाल तर ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त ताणू नका, नाहीतर हाउसिंगला कायमचा बाक येतो. दोन्ही बाजूंच्या शिम (पातळ चकत्या) वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा, प्रत्येकीची जाडी मोजा आणि पाकिटावर लिहा.

जिप्सीसारख्या गाडीत हे काम सोपं होतं. तिथे शाफ्ट बाहेर ओढून प्रोपेलर शाफ्ट सोडला की क्राऊन, पिनियन आणि केज एकत्र बाहेर येतात. सगळी जुळणी टेबलावर करता येते आणि शिमऐवजी दोन बाजूंच्या आट्यांच्या रिंगा फिरवून बॅकलॅश साधतात.

मोजमाप हाच कामाचा गाभा

नव्या केजची बसण्याची कड आणि क्राऊनची पाठ बारीक दगडाने स्वच्छ करा. एवढासा कण राहिला तरी क्राऊन वाकडा फिरतो. क्राऊन घट्ट बसत असेल तर तो गरम करा, पण १०० अंश सेल्सिअसच्या वर नाही. बोल्ट नवे घ्या, थ्रेडलॉकर लावा आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून टप्प्याटप्प्याने आवळा.

नवा केज मूळ केजशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून जुन्या शिम ही फक्त सुरुवात समजा. जुन्या बेअरिंगचं आतलं भोक किंचित घासून हाताने बसणारं जुळणी-बेअरिंग करून घेतलं, तर पुन्हा पुन्हा प्रेसवर जावं लागत नाही. पिनियन हलवली नसेल तर तिच्या खोलीत ढवळाढवळ करू नका.

बॅकलॅश किमान चार ठिकाणी मोजा. डाना ४४ जातीच्या ॲक्सलला तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीसाठी तिच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. चार ठिकाणच्या आकड्यांत मोठा फरक आला तर क्राऊन नीट बसलेला नाही, तो काढून पुन्हा बसवा. बॅकलॅश जास्त असेल तर क्राऊन पिनियनकडे सरकवायचा. एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूला घालायची, म्हणजे एकूण जाडी तीच राहते आणि बेअरिंगवरचा दाबही बदलत नाही. ०.२५ मिलिमीटर शिम हलवली की बॅकलॅश सुमारे ०.१८ मिलिमीटरने बदलतो. केज हाउसिंगमध्ये हाताने सहज सरकत असेल तर दाब अपुरा आहे. मॅन्युअलप्रमाणे दोन्हीकडे शिम वाढवा.

मग पुन्हा ठसा घ्या. तो दात्याच्या माथ्याला किंवा मुळाशी न चिकटता मधल्या भागात यायला हवा. वापरलेल्या दात्यांचा ठसा नव्यासारखा सुबक नसतो, पण तो उघडण्याआधीच्या ठशाशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर झाकण लावू नका, नाहीतर रस्त्यावर घरघर सुरू होईल आणि नंतर दाते जातील.

हवेची नळी

एअर लॉकरसाठी हाउसिंगला भोक पाडावं लागतं. ते वरच्या भागात, तेलाच्या पातळीच्या वर आणि क्राऊनपासून दूर असावं. केज आत बसवण्याआधी भोक पाडा, दोन्ही नळकांड्यांत कापड कोंबा आणि नंतर एकही कण राहणार नाही असं आत साफ करा. आतली नळी फिरत्या क्राऊनला किंवा बोल्टला घासणार नाही, हे केज हाताने पूर्ण फिरवून पाहा. बाहेरची नळी सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबलं तरी ताणली जाणार नाही इतकी लांब सोडा.

दाब भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावा. लॉकर लागलेला असताना कंप्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. बाहेर बुडबुडे नाहीत आणि ॲक्सलच्या ब्रीदरमधून हवा येते, तर आतलं सील गेलं आहे.

नवे शाफ्ट बसवताना

बेअरिंगने धरलेल्या शाफ्टवर भागांचा क्रम महत्त्वाचा असतो: बहुधा आधी पट्टी, मग सील, मग बेअरिंग आणि शेवटी अडकवणारी रिंग. जुन्या शाफ्टवरचा क्रम आणि बेअरिंगची दिशा पाहूनच प्रेसवर जा. पट्टी विसरली तर बसवलेलं बेअरिंग कापूनच काढावं लागतं. दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यावर द्यायचा, बाहेरच्या कड्यावर दिला तर नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. जुना शाफ्ट सुटा भाग म्हणून ठेवायचा असेल तर त्याची रिंग अर्धवट छेदून छिन्नीने फोडा. ड्रिल शाफ्टला लागू देऊ नका आणि गॅसची ज्योतही लावू नका.

सीलच्या ओठावर ग्रीस लावा आणि शाफ्ट दोन्ही हातांनी आडवा, सरळ आत न्या. स्प्लाइन सीलवरून घासत गेली तर तेल गळून ब्रेकपर्यंत पोचतं. स्प्लाइनवर मार्कर फिरवून एकदा बसवून काढा, म्हणजे शाफ्ट लॉकरमध्ये किती आत जातो ते खुणेवरून कळतं. गुंतण फक्त टोकापुरती असेल तर शाफ्टची लांबी चुकली आहे. पुढच्या ॲक्सलचं काम असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून जॉइंट कुठे टेकत नाही ना, हे पाहा.

तपासणी आणि तेल

दोन्ही मागची चाकं अधांतरी, गाडी गिअरमध्ये आणि इंजिन बंद ठेवून बटणाचा लॉकर तपासा. तो सुटलेला असताना एक चाक फिरवलं की दुसरं उलट दिशेला फिरलं पाहिजे. लावल्यावर एक चाक दुसऱ्याशिवाय हलता कामा नये. स्वयंचलित लॉकरची चाचणी वेगळी असते, ती त्याच्या पुस्तिकेप्रमाणे करा.

तेल लॉकरच्या उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचंच भरा, बहुतेक ठिकाणी ते जीएल-५ दर्जाचं असतं. पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरनंतर ते बदला. चाकांचे नट १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

आपल्या पावसाळ्यासाठी एक काम आवर्जून करा: ॲक्सलचा ब्रीदर नळी जोडून बॉनेटपर्यंत उंच न्या. गरम ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. खोल पाण्यातून गेल्यावर तेल पाहा. ते दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

चालवताना

लॉकर अडथळ्याच्या आधी लावा. चाक वेगाने फिरत असताना बटण दाबलं तर नव्या शाफ्टलाही जबर हिसका बसतो. अडथळा ओलांडला की लगेच सोडा. डांबरी रस्त्यावर आणि वळणावर लॉकर बंदच हवा. चिखलाच्या आडव्या उतारावर विशेष जपा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडीला धरून ठेवतं. लॉक असताना दोन्ही एकदम घसरतात आणि मागचा भाग दरीच्या बाजूला सरकतो. चाक अडकलं आहे असं वाटताच ॲक्सिलरेटर सोडा, मागे या आणि दुसरी वाट निवडा.

कागदपत्रांकडेही लक्ष द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याकडून, आणि विम्यासाठी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा ठेवा: आधी शाफ्ट, बेअरिंग आणि सील, मग मागचा लॉकर, आणि खरोखर गरज पडली तरच पुढचा. स्वतःला मोजमापाचा सराव नसेल तर शाफ्ट स्वतः बदला आणि केजची जुळणी डायल गेज वापरणाऱ्या अनुभवी कारागिराकडून करून घ्या. त्याच्याकडून बॅकलॅशचे आकडे आणि ठशाचा फोटो मागून गाडीच्या वहीत लावा. हे आकडे जो देऊ शकत नाही, त्याच्या हाती आपला ॲक्सल देऊ नका.